पसंतीक्रम

कॉलेजला प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं, सुटलो. मग होस्टेलचा फॉर्म आला. त्यात खोल्यांचे पाच पसंतीक्रम द्यायचे होते. तोवर आयुष्यात मी स्वतःच्या मनाने फक्त दप्तराचा रंग निवडला होता, आणि तोही आईने दुकानात जाऊन बदलून आणला होता.

बाबा वही घेऊन बसले. तळमजला नको, येणारा-जाणारा खिडकीतून डोकावतो. सगळ्यात वरचा नको, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत बसतो. आपण आडवे झालो की त्याची ड्यूटी सुरू. बाथरूमशेजारी नको, पहाटेपासून बादल्यांची आदळआपट. बाथरूमपासून लांब तर त्याहून नको, एवढी पायपीट करून पोचल्यावर कळणार की साबण खोलीतच राहिला. ‘मधला मजला, मधली खोली,’ बाबांनी निकाल दिला. झाडून सगळ्या वडिलांनी तोच दिला होता, हे नंतर कळलं.

माहितीपत्रकातल्या फोटोत खोली चांगली ऐसपैस दिसत होती. वाइड अँगल लेन्स ही काय चीज आहे, ते प्रत्यक्ष बघायला गेल्यावर समजलं. दार खाटेला आपटून अर्ध्यावर थांबायचं. प्लग पॉइंट एकच, तोही कपाटामागे. कपाटाच्या दाराला आतून कोणीतरी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, पाच-पाचच्या जुड्या करून. त्रेचाळीस. शेवटची जुडी अपुरी. तो कंटाळला की सुटला, कळायला मार्ग नव्हता.

फॉर्मचं दुसरं पान रूममेटसाठी. ‘रात्री किती वाजता झोपता?’ आई मागेच उभी. मी ‘दहा’ लिहिलं. ‘घोरता का?’ आता हे आपल्याला कसं कळणार? आपण तर झोपलेलो असतो. आई म्हणाली, “‘नाही’ लिही. बाबांसारखा थोडाच घोरतोस!” बाबांनी वही मिटली.

प्रवेशाच्या रांगेत ओळख झालेले आम्ही चौघं, आणि वाट्याला दोघा-दोघांच्या दोन खोल्या. आपसात ठरवा म्हणाले. इथे थोडं गणित सांगावं लागेल. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी एका शोधनिबंधात सिद्ध केलं की सारख्याच संख्येची मुलं आणि मुली असतील, तर लग्नं अशी जुळवता येतात की कोणाला पळून जावंसं वाटलं, तरी सोबत यायला कोणी तयार होणार नाही. त्याच निबंधात ते म्हणतात, रूममेटच्या बाबतीत मात्र अशी हमी नाही. उदाहरण चौघांचं. पहिल्याला सगळ्यात आवडतो दुसरा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पहिला. चौथा तिघांच्याही यादीत शेवटी. मग कशाही जोड्या लावा, चौथ्यापाशी अडकलेला दुसऱ्या खोलीतल्या एकाला फोडतोच. शॅप्लींना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चौथ्याचं पुढे काय झालं, ते कोणी लिहिलेलं नाही.

ते मी सांगतो. पहिल्या तीन दिवसांत माझी खोली हलली नाही, समोरची गादी तेवढी बदलत राहिली. तिसरा गादी गुंडाळायला लागला तेव्हा मी विचारलंच, “माझं काय चुकतंय रे?”

“तसं काही नाही. पण तू दहाला झोपतोस ना? फॉर्ममध्ये लिहिलंयस म्हणे.”

“तू काय लिहिलंस?”

“दहाच. आई शेजारी बसली होती. पण तुझ्याकडे बघून ते खरं वाटतं.”

शेवटी रेक्टरसरांनी त्या तिघांना एका मोठ्या खोलीत कोंबलं. माझ्यासाठी मात्र त्यांनी अगदी मनापासून माणूस शोधला. संबंध होस्टेलात ‘दहा’ हे उत्तर ज्याने खरं लिहिलं होतं, असा तो एकमेव मुलगा. मधला मजला, मधली खोली. बाबांना फोनवर कळवलं तर केवढे खूश झाले.

दहाच्या ठोक्याला त्याने दिवा घालवला. सव्वादहाला घोरायला लागला. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं असणार. त्यालाही आई असेलच. बारापर्यंत मी छताकडे बघत पडलो. मग उठलो, मोबाइलच्या उजेडात दप्तरातून पेन्सिल काढली आणि आवाज न करता कपाटाचं दार उघडलं.