‘सिमेंटचं स्टोनहेंज दाखवून फसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या अमेरिका सहलीला तुम्ही एक स्टार दिलात. तक्रार अशी की स्टोनहेंज दाखवतो म्हणून पोर्टलंडहून एवढ्या लांब नेलं आणि माळावर सिमेंटचे खांब दाखवले. असला माळ आमच्या बीडलाच आहे. अर्धा दिवस वाया गेला, त्याचे पैसे परत करा.

आधी कागदाचं बोलू. छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे ‘मेरीहिल : स्टोनहेंजची प्रतिकृती, युद्धस्मारक’ असंच आहे, आणि त्या कागदावर तुमची सही आहे. खरं स्टोनहेंज म्हणजे हजारो वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या प्रचंड दगडांचं वर्तुळ, ते इंग्लंडात, सॉल्सबरीच्या पठारावर. ते अमेरिकेच्या सहलीत कुठून येणार?

आता सिमेंटचं. मेरीहिलचं हे स्मारक बांधणारा सॅम हिल हा रस्ते बांधायचं वेड असलेला श्रीमंत माणूस, त्यात युद्ध न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. स्टोनहेंजवर पूर्वी नरबळी देत असत, असं त्याला इंग्लंडात कुणी सांगितलं. पहिलं महायुद्ध चालूच होतं. माणसांचे बळी तर आजही जातातच, फक्त युद्धाच्या देवाला, हे त्याच्या मनानं घेतलं आणि आपल्या क्लिकिटॅट काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) युद्धात पडलेल्या पोरांसाठी त्यानं तोच आकार निवडला. नरबळीची गोष्ट आजचे संशोधक मानत नाहीत. पण ऐकीव गोष्टीवर उभं राहिलेलं हे स्मारक मला तरी पुष्कळ शहाण्या स्मारकांपेक्षा खरं वाटतं. 4 जुलै 1918 ला त्याच्या वेदीच्या दगडाचं लोकार्पण झालं तेव्हा युद्ध संपायला चार महिने बाकी होते. सगळं बांधकाम पुरं झालं 1929 मध्ये. दोन वर्षांनी हिल गेला. त्याची समाधी तिथूनच खाली, नदीच्या बाजूला आहे.

तिथला दगड मनासारखा निघेना म्हणून त्यानं काँक्रीट घेतलं, आणि घडीव दगडाचा खडबडीतपणा यावा म्हणून साच्यांना आतून चुरगळलेला पत्रा लावला. ही कारागिरी खांबावरून हात फिरवला की कळते. इंग्लंडात दगडांना हात लावू देत नाहीत, एरवी दोरीबाहेरूनच बघायचं, आणि निम्मे दगड पडलेले नाहीतर गायब. मेरीहिलला मात्र पूर्ण वर्तुळ उभं आहे, मधे जाऊन बसता येतं. खांबांवर 14 जणांच्या नावांच्या पाट्या आहेत. गाईड त्या वाचून दाखवत होता तेव्हा आपली बरीच मंडळी वाऱ्याला कंटाळून गाडीत जाऊन बसली होती. कोलंबिया नदीच्या त्या खोऱ्यात वारा असतोच. जॅकेट घ्या असं आदल्या रात्री सगळ्यांना सांगितलं होतं.

माळाचं तुमचं निरीक्षण मात्र एकदम बरोबर. तिथले काळे कडे लाव्हाच्या थरांचे आहेत, आपलं वेरूळ कोरलं त्याच जातीचा दगड. आणि ते युद्ध आपल्यालाही परकं नाही. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचे लान्सर, म्हणजे भालेवाले घोडेस्वार, पॅलेस्टाईनच्या आघाडीवर होते. दिल्लीतल्या तीन मूर्ती चौकात त्याच युद्धाचं स्मारक आहे, त्यातले तिघे सैनिक हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरच्या फौजांचे. दिल्लीच्या सहलीत तिथं गाडी थांबवली की लोक उतरून फोटो काढतात, म्हणून मेरीहिलही आवडेल असं वाटलं होतं. संभाजीनगरकर मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणणाऱ्यावर चिडतो. तोच न्याय इथे लावा, एवढंच म्हणणं.

पैशांचं म्हणाल तर त्या जागेला तिकीटच नाही, त्यामुळे परत करायला काही नाही. त्याच दिवशी मल्टनोमा धबधबा आणि हिलच्याच वाड्यातलं संग्रहालय, रोदँ या फ्रेंच शिल्पकाराच्या शिल्पांसकट, तुम्ही पाहिलंत. रिव्ह्यूत ते राहून गेलं. दुपारच्या गार सँडविचबद्दल लिहिलंत ते हॉटेलवाल्याला कळवलं आहे.

हा थांबा पुढच्या सहलीतही राहील. ज्यांना नको त्यांनी बुकिंगलाच सांगावं, त्यांना त्या दिवशी पोर्टलंडमध्ये मोकळा वेळ देऊ. तुमचा एक स्टार तसाच राहू द्या, फसवणुकीचा आरोप तेवढा मागे घ्यावा ही विनंती.

— संचालक, छत्रपती संभाजीनगर कार्यालय