वाळवंटात कुडकुडण्याची पूर्वतयारी

वाळवंटात जायचं म्हटलं की माणूस टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन भरतो. स्वेटर भरत नाही. मग पश्चिम ऑस्ट्रेलियात, करिजिनी राष्ट्रीय उद्यानाच्या घळीत भर दुपारी दातावर दात आपटत उभा राहतो. मान वर करावी तर कड्यावर लख्ख ऊन पसरलेलं. नुसतं बघायचं.

इथल्या घळी काही ठिकाणी शंभर मीटर खोल, आणि चिंचोळ्या. तळाच्या डोहाला दिवसाकाठी ऊन जेमतेम शिवून जातं. त्यात मे ते सप्टेंबर हा जायचा काळ म्हणजे तिथला हिवाळा. उन्हाळ्यात जावं तर वर पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाचे लोंढे ते वेगळेच. भाजून घ्या नाहीतर गारठा. मी गारठणाऱ्यांच्या पक्षात.

या पक्षाचा गणवेश म्हणजे वेटसूट, पाण्यात ऊब धरून ठेवणारा अंगाबरोबरचा रबरी पोशाख. तीन मिलिमीटरचा पुरे. तो अंगात चढवता चढवता इतका घाम फुटतो की थंडी हीच अफवा वाटायला लागते. सुती टी-शर्ट आणि जीन्स मात्र गाडीत ठेवा. भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषत राहतं. पाण्यात सूर मारू नका. गार पाण्याचा पहिला चटका बसला की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. आधी मानेवर, तोंडावर पाणी मारा, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून श्वास लांब सोडा. मिनिट-दोन मिनिटांत धाप ओसरते. अब्रू आधीच गेलेली असते.

तिथे वाटांना अवघडपणानुसार एक ते सहा इयत्ता आहेत. हॅनकॉक घळीची शेवटची वाट पाचवीतली. आधी उभा उतार, मग लोखंडी शिडी, मग पाणी. इथे एक तर पोहायचं, नाहीतर भिंतीच्या कंगोऱ्यांना पालीसारखं चिकटून सरकायचं. पुढे ‘स्पायडर वॉक’: घळ इतकी अरुंद होते की एक हात-पाय या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला लावून कोळ्यासारखं जायचं. दोन्ही पाय रोवल्याशिवाय हात हलवायचा नाही. मधेच नाक खाजतं, हमखास. शेवटी कर्मिट्स पूल नावाचा डोह. पाचवी पास झालेल्यांना तिथे वाटतं, सहावीलाही बसून बघू. त्यापुढे परवानाधारक वाटाड्या आणि दोर हवेत, तेव्हा मुकाट्याने मागे फिरा.

सगळा खेळ बुटांचा. हा दगड सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी थराथराने साचलेल्या लोखंडाचा; रद्दीची चवड ठेवावी तसे तांबडे-काळे पापुद्रे. कोरडा असला तर जिन्याइतका भरवशाचा, ओला झाला की साबण. पावलांनी गुळगुळीत झालेला भाग आणि शेवाळ टाळा, खडबडीत कड शोधून पूर्ण तळवा टेकवा. घट्ट बसणारे, जाळीचे, पाणी बाहेर टाकणारे बूट घाला. वॉटरप्रूफ बूट घेऊ नका, आत गेलेलं पाणी तेही तितक्याच निष्ठेने सांभाळतात.

फोन ड्राय बॅगेत, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या पिशवीत. पिशवीचं तोंड तीनदा गुंडाळा, आत थोडी हवा राहू द्या म्हणजे पिशवी तरंगते. फोनपेक्षा जीव लावा तो गाडीच्या रिमोट चावीला. ती भिजून रुसली, तर कोरडे कपडे काचेतून दिसतात, पण मिळत नाहीत. उद्यानात पेट्रोल मिळत नाही, जवळच्या टॉम प्राइस गावात टाकी भरून घ्या. आणि पाऊस सुरू झाला, किंवा लांब कुठे पडत असेल अशी शंका आली, तर लगेच बाहेर पडा. पाण्याचा लोंढा निळ्या आभाळाखालीही येतो.

उरला डेल्स घळीतला फर्न पूल नावाचा डोह. मूळ रहिवाशांसाठी तो पवित्र, त्यांच्या भाषेत जुबुरा. तिथे उड्या मारायच्या नाहीत, आरडाओरडा नाही, आवाज न करता हळूच पाण्यात उतरायचं. पाणी पोटापर्यंत येतं, आणि नेमक्या त्याच क्षणी छोटे मासे पायाची बोटं कुरतडायला लागतात. किंकाळी मनातल्या मनात.