शिडाचं जहाज बंदराला लागलं म्हणजे सुट्टी लागली?

“शिडाच्या जहाजावरचे खलाशी समुद्रात हाल काढत, पण परक्या बंदरात पोचले की महिना-महिना त्यांची चैन. माल हमाल उतरवत, खिशात पगार खुळखुळत असे, रात्री गाणी आणि दारू. नाही पटलं तर पळून दुसरं जहाज धरत. आजच्या सीमनला हे सुख कुठलं?” अशा अर्थाचा मजकूर बरेच दिवस मोबाइलवर फिरतो आहे. सोबत चार डोलकाठ्यांच्या ‘पेकिंग’ जहाजाचा फोटो असतो. आमच्या घरातले दोन पिढ्यांचे पुरुष जहाजावर गेले, त्यामुळे हे वाचून मला गप्प बसवत नाही. त्या खलाशांच्या घामावर कुणी सुट्टीचं लेबल लावावं, हे मला मान्य नाही.

फोटोतल्या जहाजापासूनच सुरुवात करू. ‘पेकिंग’ १९११ मध्ये हॅम्बुर्गला बांधलं गेलं, ते चिलीहून सोरा आणण्यासाठी. सोरा म्हणजे सोडियम नायट्रेट. युरोपातल्या शेतांना खत म्हणून आणि कारखान्यांना स्फोटकांसाठी तो लागे, आणि तो निघे अटाकामाच्या वाळवंटात. इकीके, पिसाग्वा, तोकोपिया, ताल्ताल ही त्याची बंदरं. परक्या बंदरातलं शिडाच्या जहाजाचं रोजचं आयुष्य कसं होतं, ते पाहायला याहून योग्य किनारा नाही.

आता ‘माल हमाल उतरवत’ हे वाक्य घ्या. ‘बंदर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाऊचा धक्का येतो. इकीकेला मोठी जहाजं टेकतील असा धक्काच नव्हता. उघड्या समुद्रात, पुढे-मागे नांगर टाकून, जहाजं रांगेने उभी राहत. किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे माल वाहणाऱ्या मोठ्या होड्या, येत, त्यांत माल चढवायचा-उतरवायचा. येताना जहाजाच्या पोटात बहुतेकदा कोळसा असे, वेल्सचा किंवा ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचा. केवढा? आज सॅन फ्रान्सिस्कोत संग्रहालय म्हणून उभ्या असलेल्या ‘बाल्क्लुथा’ने १८८७ च्या पहिल्या सफरीत कार्डिफहून तिथे २,६५० टन कोळसा नेला होता. जहाजावर माणसं सव्वीसच्या आसपास. अशा मोजक्या माणसांनी, ज्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या वादळात शिडं आवळली होती त्यांनीच, इकीकेला जहाजाच्या पोटात उतरून फावड्याने कोळसा टोपल्यांत भरायचा. बरेचदा हातरहाटाने टोपली वर ओढायची, पडावात रिकामी करायची, परत खाली सोडायची. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत. पाऊस जवळजवळ नाहीच, वर तळपतं ऊन आणि खाली कोळशाची धूळ.

सगळा कोळसा एकदम काढताही येत नसे. पोट रिकामं झालं तर उंच डोलकाठ्यांच्या वजनाने जहाज कलंडायचं. म्हणून थोडा कोळसा बाहेर, थोडा सोरा आत, नाहीतर नीरम, म्हणजे तोल राखायचं वजन, म्हणून दगड-वाळू भरायची, असा हिशेब चाले.

सोऱ्याची गोणी साधारण शंभर किलोची. पडावातून एकेक गोणी रहाटाने वर यायची आणि आत सुटायची. खाली रचणारा मात्र किनाऱ्यावरचा कसबी माणूस असे, हे खरं, आणि पोस्टमधला ‘हमाल’ म्हणाल तर एवढाच. तो गोणी पाठीवर झेलून जिथे टाकी तिथेच ती बसे, पुन्हा हलवावी लागत नसे. सोरा जड, त्यामुळे पोट भरण्याआधीच जहाजाची वजनाची मर्यादा गाठली जाई. सगळं वजन तळाशी राहिलं तर जहाज लाटेवर झटके देत डुलतं आणि डोलकाठ्यांवर ताण येतो. म्हणून गोण्या मधोमध निमुळत्या ढिगासारख्या उंच रचत. हे कसब माझ्या मते त्या किनाऱ्यावरची सर्वांत देखणी गोष्ट होती, आणि तिचा फोटो कुणी फिरवत नाही.

महिना-महिना मुक्काम? होय, अनेक जहाजं आठवडेच्या आठवडे पडून राहत. पण ते पडावाची पाळी यायची म्हणून. समुद्र उसळला की पडाव किनाऱ्यावरून सुटतच नसत, दिवस वाया जाई. अशा दिवशी खलाशी मोकळा नसे. गंज खरवडणं, बाजूंना रंग देणं, दोरांना डांबर लावणं, शिडं उतरवून ठिगळणं, हे काम कप्तानाच्या डोक्यात कायम तयार असे. हॅम्बुर्गच्या लाइस कंपनीची जहाजं, म्हणजे ‘पेकिंग’चीच भावंडं, तर झटपट माल भरून निघण्यासाठी नावाजलेली होती. फोटोतल्या जहाजावर महिनाभर चैन करायला महिना तरी हवा ना.

पोस्टमध्ये एक गोष्ट सुटली आहे, ती मी भर म्हणून सांगते, कारण ती खरी आहे. समुद्रात चार तास काम, चार तास विश्रांती असा रहाटगाडगा चाले. सलग झोप अशी नाहीच. बंदरात एक-दोघांनी रात्री पहारा द्यायचा आणि बाकीच्यांनी पहाटेपर्यंत झोपायचं. शिवाय खारवलेल्या मांसाऐवजी ताजं मांस आणि भाजी मिळे. खलाशाला बंदर आवडे ते यासाठी.

खिशात खुळखुळणाऱ्या पगाराचं काय? १८९० च्या दशकात ब्रिटिश शिडाच्या जहाजावर अनुभवी खलाशाला महिन्याला तीन पौंडांच्या आसपास मिळत. पण करार तीन वर्षांपर्यंतचा असू शके आणि हिशेब सफर संपल्यावर. परक्या बंदरात कप्तान देईल तेवढी उचल, तीही त्याच्या मर्जीवर. जहाजावर शिकाऊ पोरं असत, काहींच्या आईबापांनी उलट पैसे भरलेले. ती पोरं कप्तानाची होडी वल्हवत किनाऱ्याला नेत आणि त्याची कामं उरकेपर्यंत होडीतच बसून राहत. समोर गाव दिसतंय, पण पाय लावायचा नाही.

‘पळून दुसरं जहाज धरत’ हे मला सर्वांत जास्त लागतं. खलाशी पळत, हे खरं. पण पळालेल्याचा साचलेला पगार आणि सामान जप्त होई, सापडला तर तुरुंग. इकीकेला गावामागे वाळवंट, जायचं कुठे? सॅन फ्रान्सिस्कोला पळून जाणं सोपं होतं, म्हणजे खलाशांचे दलालच जहाजावर चढून माणसं फोडत. खानावळीत ठेवत, उधारी चढवत, आणि पुढच्या जहाजाच्या कप्तानाला तोच माणूस विकत; त्याच्या आगाऊ पगारातून उधारी वळती होई. बेशुद्ध करून चढवलेलेही असत. याविरुद्ध किनाऱ्यावरच्या खलाशांनी १८८५ मध्ये तिथे संघटना उभी केली, आणि खलाशांचे नेते अँड्र्यू फुरुसेथ यांनी वर्षानुवर्षं झगडून १९१५ चा अमेरिकन कायदा मिळवला. नोकरी सोडणाऱ्या खलाशाला तुरुंगात टाकणं त्या कायद्याने बंद झालं. ज्या गोष्टीसाठी एवढा लढा द्यावा लागला, तिला स्वातंत्र्य कसं म्हणायचं?

आजच्या मुलांची तक्रार मात्र खरी आहे. कंटेनरचं जहाज एका दिवसात निघतं, किनारा लांबूनच दिसतो. पण आज चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, किनाऱ्यावर जाण्याचा हक्क कागदावर आहे, आणि हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. रत्नागिरीच्या पोराने तो हक्क मागावा. त्यासाठी इकीकेच्या खलाशाला सुखी ठरवायची गरज नाही.

राहिली गाणी. ती होती. शेवटची गोणी वर येताना सर्वांत लहान पोराला तिच्यावर बसवत आणि सगळे खलाशी जयजयकार करत. त्या रात्री दक्षिण क्रॉस नक्षत्रासारखे बांधलेले कंदील डोलकाठीवर चढत, आणि रांगेतलं एकेक जहाज हाका देऊन निरोप देई. मग नांगर उचलायचा रहाट फिरे, आणि पुढे केप हॉर्न.