मुखदर्शनाने कृतार्थ व्हावे

पंढरपूरला दोन रांगा असतात. एक पदस्पर्शाची, जिच्यात वारीच्या दिवसांत भाविकाला तासन्‌तास उभे राहावे लागते. आणि दुसरी मुखदर्शनाची, जिच्यात विठ्ठल लांबूनच दिसतो, हात जोडले जातात आणि माणूस चहाला मोकळा होतो. संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालय पाहायला निघालेल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी ही दुसरी रांग धरावी, असे माझे नम्र मत आहे. आधी भाच्यासाठी आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या मुलीसाठी मी आठ-नऊ महाविद्यालये पालथी घातली. त्यांपैकी जिथे जिथे आम्ही पदस्पर्शाचा हट्ट धरला, तिथून परतल्यावर आमची झोप उडाली. तुमची उडू नये, म्हणून हा प्रपंच.

भेटीसाठी सीईटीचा निकाल लागल्यापासून ऑप्शन फॉर्म, म्हणजे महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरेपर्यंतचे दिवस उत्तम. तेव्हा जिने धुतलेले असतात, कुंड्यांना गेरू लावलेला असतो आणि मुख्य म्हणजे तास चालू नसतात. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, दुपारी अडीच वाजता, कोणालाही न कळवता जाण्याचा अघोरी विचार मनात आणू नये. त्या वेळी वर्गांची दारे उघडी असतात, आत किती मुले बसली आहेत आणि फळ्यासमोर कोणी उभे आहे की नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. असले दृश्य पाहून आपल्याच पोटात गोळा यायचा. त्यापेक्षा न पाहिलेले बरे.

प्रवेशद्वारातून आत शिरताच संस्थापकांचा पुतळा लागेल. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यापासून आपल्या राज्यात या पुतळ्यांचे पीक चांगले आले आहे. चौथऱ्यावर ‘शिक्षणमहर्षी’ असे लिहिलेले असते. वर्तमानपत्रे त्याच पुरुषाला ‘शिक्षणसम्राट’ म्हणतात. दोन्ही पदव्यांना कोणत्याही परिषदेची मान्यता लागत नाही, हे त्यांचे वैशिष्ट्य. पुतळ्याला मनोमन नमस्कार करून प्रवेश कक्षाकडे वळावे. तो वातानुकूलित असेल. त्यानंतर तुमचा मुलगा चार वर्षांत वातानुकूलित खोलीत पुन्हा कधी बसेल याची खात्री नसल्याने, तिथे त्याला थोडे जास्त वेळ बसू द्यावे.

समुपदेशक तुम्हाला “पर्सेंटाइल किती?” असे विचारतील. ऐकलेला आकडा कोणताही असो, त्यांचा चेहरा प्रथम गंभीर होतो आणि मग हळूहळू उजळतो. “कॉम्प्युटरला थोडं टाइट आहे, पण एआयला बसेल,” हे वाक्य यानंतर येते. इथे शाखेच्या नावाकडे लक्ष द्यावे. नाव जितके लांब, तितके भवितव्य उज्ज्वल, हा आजचा नियम आहे. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लूडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी’ या नावाची शाखा राज्याच्या प्रवेश यादीत खरोखरच आहे, ती मी रचलेली नाही. पदवीच्या नावातला तो ‘इन्क्लूडिंग’ वाचून मला मात्र खाणावळीतल्या दरफलकावरचे ‘ताक व पापडासह’ आठवते. या शाखेचा आणि साध्या संगणक शाखेचा अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून कोणते विषय खरोखर वेगळे आहेत ते पाहू नये. दोन ताटांतली भाजी एकच निघाली, तर लांब नावाची मजा जाते.

जागा किती आहेत हे विचारायला हरकत नाही, कारण ते अभिमानाने सांगितले जाते. पूर्वी एका शाखेला २४० जागांची कमाल मर्यादा होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ती उठवली, आणि आपल्याकडे कामगिरी कोणाची चांगली नसते? पण जागा ऐकल्यावर मनातल्या मनात भागाकार करायला जाल, तर फसाल. परिषदेच्या निकषानुसार वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे वर्षाला साठ मुले घेणाऱ्या शाखेत चार वर्षांची मिळून २४० मुले आणि त्यांच्यासाठी बारा शिक्षक. तीनशेसाठ मुले घेणाऱ्या शाखेला बहात्तर. शेजाऱ्यांच्या मुलीने हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला आणि एका ठिकाणी विभागाच्या बोळातून चालता चालता केबिनांवरच्या नावांच्या पाट्या मोजल्या. एकोणीस भरल्या. “बाकीचे सर पीएचडीच्या कामाला गेले आहेत,” असे उत्तर मिळाले. त्रेपन्न माणसे एकाच दिवशी पीएचडीच्या कामाला बाहेर पडतात, अशा ज्ञानपिपासू संस्थेबद्दल खरे तर आदर वाटायला हवा होता. मुलीला तो वाटला नाही. आजकालच्या पोरांचे हे असेच. ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचा एक कागद प्रत्येक संस्थेला आपल्या संकेतस्थळावर ठेवावाच लागतो आणि शिक्षकांची यादीही त्यात असते. तो संकेतस्थळाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत असतो. त्याला तिथेच शांतपणे पडू द्यावे, आणि त्यातली नावे छापून घेऊन पाट्यांशी ताडून तर मुळीच पाहू नयेत.

आता प्रयोगशाळा. ही भेटीतली सर्वांत पवित्र जागा असल्याने चपला बाहेर काढून आत जायचे असते. धुळीने संगणक बिघडतात ही श्रद्धा फार जुनी आहे आणि आतल्या काही संगणकांचे वय पाहता ती त्यांच्याच काळातली असावी. तुम्हाला प्रथम दाखवली जाईल ती मोठ्या कंपनीचे नाव लावलेली ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ ही खोली. तिथल्या पडद्यांवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नसते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रजेवर असल्यास काचेतून पाहून समाधान मानावे. मुखदर्शन म्हणतात ते हेच. संगणक चालू करून दाखवा, असे म्हणणे हा उद्धटपणा आहे. भाच्याने तो केला. यंत्र सुरू व्हायला जो वेळ लागला, त्यात आम्हाला संस्थेच्या सांस्कृतिक महोत्सवाची संपूर्ण माहिती मिळाली. मग निळा पडदा आणि त्यावर पिवळी अक्षरे उमटली, आणि मला गहिवरून आले, कारण मीही त्याच पडद्यावर शिकलो होतो.

ते टर्बो सी होते, म्हणजे ‘सी’ ही संगणकभाषा शिकण्याचे जुने साधन. बोर्लंड कंपनीने ते १९८७ मध्ये बाजारात आणले, तेव्हा आज मुलांना घेऊन येणाऱ्या बहुतेक आया प्राथमिक शाळेत होत्या. आजच्या संगणकावर ते चालवायचे तर त्याला आपण डॉसच्या जमान्यातले जुने यंत्र असल्याचे सोंग घ्यावे लागते, आणि बिचारा ते घेतो. ज्या भाषेचे प्रमाणीकरण त्यानंतर अनेकदा झाले, ती भाषा प्रमाणीकरणापूर्वीच्या रूपात शिकवणे हा एक प्रकारचा वारसाजतनाचा उपक्रम आहे, असे समजावे. योगायोग असा की, महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी करणारा कायदाही १९८७ चाच. दोहोंपैकी टर्बो सी अजून रोज वापरात आहे.

भाच्याचे एवढ्यावर भागले नाही. एआय शाखेसाठी ग्राफिक्स कार्डे किती आहेत, असे त्याने विचारले. यंत्राला मोठ्या प्रमाणावर शिकवायचे तर ही कार्डे लागतात, असे त्याने कुठेतरी वाचले होते. सोबतच्या सरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “ग्राफिक्स दुसऱ्या वर्षाला आहे.” यावर पुढे काय बोलणार? आम्ही चपला घातल्या.

नोकऱ्यांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवून फिरावे, कारण ते फलक पाहण्यासाठीच लावलेले असतात. सर्वांत मोठ्या छायाचित्राखाली सर्वांत मोठा आकडा असतो आणि तो तुमच्याच मुलाचा आहे असे समजून त्याच्यासमोर सेल्फी काढावी. गणितात थोडी गती असलेल्यांनी स्वतःला आवरावे. समजा, दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाख पंधरा हजार येते, म्हणजे दहांतल्या एकालाही न मिळालेली रक्कम. मध्यक काढला, तर तो साडेतीन लाखच येतो. मध्यक दहावीच्या गणितात असतो आणि तो कसा काढायचा हे तुमच्या मुलाला तोंडपाठ आहे, तरी माहितीपत्रकात तो का छापत नाहीत, हे विचारून यजमानांना संकोचात टाकू नये. त्याचप्रमाणे ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कशाचे शंभर टक्के, हेही विचारू नये. ते ‘पात्र विद्यार्थ्यांचे’ असतात. ज्यांना साठ टक्के नाहीत ते पात्र नाहीत, ज्यांचा एखादा विषय राहिला आहे ते पात्र नाहीत, ज्यांनी नाव नोंदवले नाही ते तर नाहीतच. आणि ज्या एकाच मुलीला तीन कंपन्यांनी निवडले, ती फलकावर तीनदा हसते. छेदात कोण बसले आहे याची चौकशी न करता अंशाकडे भक्तिभावाने पाहणे, यालाच श्रद्धा म्हणतात.

नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणी भिंतीवर सोनेरी अक्षरांत असते; ती संपूर्ण संस्थेला मिळालेली असते आणि तुमच्या शाखेविषयी ती स्वतंत्रपणे काही सांगत नाही. शाखेची तपासणी एनबीए ही दुसरी संस्था करते, पण किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय तिच्याकडे अर्जच करता येत नाही, त्यामुळे कोऱ्या करकरीत शाखांना ते प्रमाणपत्र असण्याचा प्रश्नच येत नाही. ‘एनबीए आहे का?’ असे विचारल्यास ‘आहे’ असे उत्तर मिळेल आणि ते खरेही असेल. ते यंत्र अभियांत्रिकीचे आहे, हा तपशील झाला. वसतिगृह, खानावळ आणि बस यांविषयी लिहीत नाही. ती तिन्ही सगळीकडे सारखीच असतात आणि तिन्हींविषयी आई घरी परतताना जे बोलते, ते बरोबर असते.

शुल्काचा आकडा विचारल्यावर एक छापील आणि एक तोंडी, अशी दोन उत्तरे मिळणे हे आदरातिथ्याचे लक्षण मानावे. शुल्क नियामक प्राधिकरण संस्थानिहाय मंजूर शुल्क आपल्या संकेतस्थळावर टाकते, ते फोनवर उघडून समुपदेशकांच्या टेबलावर ठेवल्यास चहा दुसऱ्यांदा येत नाही, असा माझा अनुभव आहे. याच टप्प्यावर “जागा पकडून ठेवायची तर मूळ कागदपत्रं आजच जमा करा,” असा प्रेमळ सल्ला दिला जाईल. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला परिषदेची मनाई आहे हे त्यांना ठाऊक असते, पण तुमच्या घरी पावसाळ्यात ओल येत असेल आणि दाखले खराब होतील, ही काळजी त्यांना नियमापेक्षा मोठी वाटते. असेच प्रेमळ सल्ले ऐकून ऑप्शन फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर त्याच महाविद्यालयाचे नाव टाकावे. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला, की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांचा ताप वाचतो.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. महाविद्यालयाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सचे दुकान असते. तिकडे चुकूनही फिरकू नये. अधिवास, नॉन-क्रीमीलेयर आणि गुणपत्रिका यांचे तीन-तीन संच काढायचे असल्यास ते गावाहूनच काढून आणावेत. आम्ही तेवढे विसरलो होतो. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. यंत्रात कागद घालता घालता त्याने भाच्याला विचारले, “कुठली ब्रँच घेतोस, बाळा?” भाचा म्हणाला, “अजून ठरलं नाही काका, एआय बघतोय.” दुकानदाराने मागच्या फळीकडे बोट दाखवले. तिथे प्रत्येक विषयाची लिहून तयार असलेली जर्नले सत्राप्रमाणे लावून ठेवली होती, वरच्या खणात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे काळ्या बांधणीचे अहवाल होते आणि त्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव छापायची जागा कोरी सोडलेली होती.

“घे की. एआयचे बारा आहेत आपल्याकडे, कोडसकट,” तो म्हणाला. “फक्त चौथ्या वर्षी जरा लवकर ये. उशिरा येणाऱ्यांना मग सगळ्यांना एकच विषय जातो, आणि एक्स्टर्नल चिडतो.”