लाल पेरू

गेल्या हिवाळ्यात मंडईतून आणलेला पेरू मी न कापता तसाच दातांनी तोडला आणि तो आतून लाल निघाला म्हणून मनोमन खूश झालो. दुसरा घास घेतल्यावर लक्षात आले की पेरू पांढराच होता. लाल रंग माझा होता.

दुखत काहीच नव्हते, आणि जे दुखत नाही तो आजार नव्हे, हा आमच्या घराण्याचा वैद्यकीय सिद्धान्त असल्यामुळे पुढचे चार महिने मी घरगुती उपायांत काढले. मीठ-हळद चोळून झाली, तुरटीच्या पाण्याच्या चुळा भरून झाल्या, आणि जिथून रक्त येते तिथे ब्रशच लावायचा नाही, हा माझा स्वतःचा शोधही अमलात आणून झाला. (म्हणजे कचरा साठला होता नेमका तेवढाच कोपरा मी झाडताना मोठ्या काळजीने वगळत होतो.) शेवटी सौभाग्यवतींनी उशीच्या अभ्र्यावरचा डाग पाहिला आणि मला न विचारता दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. "काका, आ करा. अजून मोठा," असे म्हणत त्यांनी काळ्या खुणा असलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत उतरवली आणि शिंप्याने माप घेता घेता पोऱ्याला आकडे सांगावेत तशा त्या मदतनीस मुलीला सांगू लागल्या, "तीन, दोन, तीन, चार, पाच, सहा." शेवटचा आकडा ऐकून मला वाटले, निदान एका दाढेला तरी बरे गुण पडले. ही फट १ ते ३ मिलिमीटरपर्यंत असावी आणि सहा म्हणजे प्रकरण हाडापर्यंत पोचले आहे, हे एक्स-रे पाहताना कळले. दाढेच्या मुळाशी जे हाड भरतीच्या पाण्यासारखे वरपर्यंत असायला हवे होते, त्याला चक्क ओहोटी लागली होती.

"जंतूंनी एवढे हाड खाल्ले?" मी विचारले.

"जंतूंनी सुरुवात केली, काका. हाड तुमच्याच पेशींनी खाल्लंय."

कुंपणच शेत खाते हे मी सहकारी संस्थांच्या बाबतीत पाहिले होते. स्वतःच्या जबड्यात पाहण्याची वेळ प्रथमच आली. बाईंनी जे समजावले ते असे. हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचला की तिथल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडू लागतात. या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात आणि त्यांत इंटरल्यूकिन-१ बीटा व टीएनएफ-अल्फा ही मंडळी पुढारी असतात. निरोप मिळताच रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पांढऱ्या पेशींची कुमक बाहेर पडते, आणि हिरडी अशी सुजते की ब्रशच्या नुसत्या स्पर्शाने रक्त येते. इथवर सगळे रास्तच आहे. पंचाईत अशी की निरोप मिळालेली प्रत्येक पेशी तो पुढे धाडते, त्यात आपली भर घालते, आणि मूळ भांडण काय होते हे न विचारता सगळा गट रात्रभर जागा राहतो. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप असाच चालत असल्यामुळे हा भाग मला लगेच समजला. कुमकेला आलेल्या पेशी जी विकरे सोडतात त्यांत जंतूंबरोबर दाताला धरून ठेवणारे तंतूही तुटतात. त्यातच रँकएल नावाचा आणखी एक रेणू हाड कुरतडणाऱ्या पेशी तयार करवून घेतो. त्याला अडवणारा ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचा रेणू शरीरात असतो, पण एवढ्या गदारोळात तो अल्पमतात जातो.

सर्वांत मौज मला इंटरल्यूकिन-१ ची वाटली. ताप आणणारा एक पदार्थ आणि हाड झिजवणारा एक पदार्थ असे दोन संशयित शास्त्रज्ञ बरीच वर्षे वेगवेगळ्या नावांनी शोधत होते. १९८५ मध्ये दुसऱ्याचा नीट तपास लागला तेव्हा तोही इंटरल्यूकिन-१ बीटाच निघाला. रेशन कार्डावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे, असा हा गृहस्थ.

माझी खरी तक्रार मात्र मेहुण्याविषयी आहे. तो दिवसातून एकदा, तेही वर्तमानपत्र वाचता वाचता, दातांवरून ब्रश फिरवतो आणि या वयात सोललेला ऊस दातांनी खातो. हा अन्याय मी बोलून दाखवला तेव्हा बाईंनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांची हकिगत सांगितली. तिथल्या ४८० मजुरांची १९७० पासून १५ वर्षे पाहणी झाली. दात घासण्याची रीतच त्यांच्यात नव्हती, सगळ्यांच्या दातांवर किटण आणि सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही सुमारे ११ टक्के लोकांचे प्रकरण त्या सुजेपुढे गेले नाही, आणि सुमारे ८ टक्क्यांची वाताहत मात्र झपाट्याने झाली. घाण तीच, पण निरोपांना उत्तर देण्याचा ज्याचा त्याचा स्वभाव निराळा. मेहुणा त्या ११ टक्क्यांतला आहे, हे घरी सांगायचे नाही असे मी तिथेच ठरवले.

"मग हे निरोपच बंद करायची गोळी द्या की," मी म्हणालो. त्यावर कळले की ज्या मुलांच्या पांढऱ्या पेशी जन्मतःच रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकत नाहीत, त्यांचे दात लहानपणीच हलू लागतात, कारण मदतीला कोणी येत नाही आणि हाका मात्र चालूच राहतात. तेव्हा हाक मारण्याचे कारणच काढून टाकणे भाग होते. दोन बैठकांत, अर्धा जबडा बधिर करून, बाईंनी हिरडीच्या आतून किटण खरवडले. त्या यंत्राचा आवाज कानाने ऐकू येत नाही, तो कवटीने ऐकावा लागतो. दाताआड एवढे काय दडले होते ते त्यांनी मला कापसावर काढून दाखवले. काळपट, खरखरीत, जुन्या बंबाच्या तळाशी सापडावे तसे. रक्तातील साखरही तपासून घेतली, कारण मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरेनाशी होते.

तीन महिन्यांनी सळई पुन्हा उतरली आणि सहाचे चार झाले. गेलेले हाड काही परत आले नाही, पण हिरडी दाताला बिलगली आहे, असे बाई म्हणाल्या. त्या आनंदात मी परतताना मंडईत थांबलो, पेरूवाल्या मावशींनी "कापून देऊ का, मीठ-तिखट लावून?" असे विचारले तरी नको म्हणालो, आणि तिथेच उभ्या उभ्या पेरूचा कडकडून घास घेतला. आत लालभडक रंग पाहताच माझ्या तोंडून अशी काही किंकाळी निघाली की मावशींच्या हातातला तराजू थांबला.

"अहो दादा, लालच आहे तो," मावशी म्हणाल्या, "म्हणून तर वीस रुपये जास्त घेतले."