वाडा पाडून बिल्डिंगला त्याच वाड्याचं नाव देऊ नका

आज दुपारी पुण्यात कसबा पेठेतून येत होते, तर एका बोळात टेम्पो उभा आणि त्यात वाड्याचे सागवानी खांब रचलेले. खांबावरची कोरलेली केळफुलं धुळीने माखलेली, एकाचा तुकडाच उडालेला. आता हे कुठल्यातरी हॉटेलात 'पेशवाई लुक' म्हणून उभे राहणार. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

पुण्याचा वारसा म्हटलं की सगळे शनिवारवाड्यापुढे फोटो काढतात. पण त्याच्या आतले महाल १८२८ च्या आगीतच गेले. अठराव्या शतकातलं राहतं घर बघायचं तर जवळच नाना फडणवीसांचा १७८० चा नानावाडा आहे, तो महापालिकेकडे आहे म्हणून निदान उभा तरी आहे. खासगी वाड्यांचं काय?

माझ्या आत्याचा वाडा हेरिटेजच्या यादीत होता. माजघरावरचा कडीपाट गळायला लागला म्हणून ती परवानगी मागायला गेली, तर एका ऑफिसात सांगितलं, हेरिटेज आहे, हात लावायचा नाही. ती म्हणाली, मग तुम्ही करा दुरुस्त. तर म्हणे तशी तरतूद नाही. दोन पावसाळे तुळईत पाणी मुरलं, मागची भिंत बसली, आणि मग दारावर नोटीस: धोकादायक इमारत, रिकामी करा! म्हणजे दुरुस्त करू द्यायचं नाही आणि पडायला आलं की बाहेर काढायचं, हे कसलं जतन?

हो, मालकांचे हाल मला माहितीयेत. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, आजही ती नाममात्रच, त्यात कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. आणि सामायिक संडासाबाहेर पहाटे उभं राहिलेल्या बायकांना वाड्याचं कौतुक कोणी सांगू नये, हेही मान्य.

पण म्हणून पाडायचाच? आत्याकडे आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला खांब दाखवला होता, खाली दगडी तळखडा, वर तुळई, मध्ये एक खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. ते म्हणाले, "ताई, फक्त एवढा कुजका भाग काढून नवा जोड देऊ, बाकी खणखणीत आहे." भिंतींना सिमेंट लावू नका, चुनाच लावा, नाहीतर ओल आत कोंडेल, असंही त्यांनीच बजावलं. तो माणूस तयार होता, आत्या पैसे घालायला तयार होती, अडला फक्त कागद.

अहमदाबादच्या पोळांमध्येही, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ली-वस्त्यांमध्येही, लाकडी घरंच आहेत ना, मालक-भाडेकरूंची भांडणं तिथेही असतीलच, तरी २०१७ मध्ये ते जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आपल्याकडे हेरिटेजचा टीडीआर, म्हणजे वाडा राखल्यामुळे वापरता न आलेला बांधकामाचा हक्क विकायची सोय, नियमांत आहे, पण तो पदरात पाडून घेताना सत्तरीतल्या आत्यासारखीने किती जिने चढायचे? दुरुस्तीची परवानगी महिनाभरात द्या, मिस्त्रीचे निम्मे पैसे द्या, मग लावा खुशाल हेरिटेजची निळी पाटी.

तुमच्यापैकी कोणाचा वाडा डेव्हलपमेंटला जाणार असेल तर सही करायच्या आधी मला मेसेज करा. मिस्त्रींचा नंबर आहे, ते अजून कामं घेतात. आणि अगदी पाडायचाच ठरला असेल तरी आधी मापं घेऊन नकाशे काढू, चौकाचे, जिन्यांचे, देवघराचे फोटो घेऊ. मी रविवारी मोकळी असते.