चित्रांच्या तक्त्याने वाचा बसत नाही

“मूल बोलत नसेल तर त्याला चित्रांचा तक्ता किंवा मोबाइलमधलं बोलणारं ॲप देऊ नका, वाचा कायमची बसते. मुलगे उशिराच बोलतात, सात वर्षांपर्यंत थांबा. वेखंड मधात उगाळून चाटवा. तपासण्या मुंबई-पुण्यातच होतात, लाखभर जातात.” हा मेसेज नात्यागोत्याच्या ग्रुपवर फिरतोय. परभणीला माझ्या बहिणीने तो वाचला आणि चार वर्षांच्या लेकराचा तक्ता कपाटात टाकला. आता साधं पाणी हवं असलं तरी ते लेकरू डोकं आपटतं.

तक्त्याने वाचा बसते, हे कुणी आणि कशावरून ठरवलं? मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या सगळ्यात भक्कम पुराव्याच्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. 89 टक्क्यांचं वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकांत थोडीच होती, हेही खरं. पण घट शून्य! आणि हे समजायला अवघड नाही. लेकरू पाण्याच्या चित्रावर बोट ठेवतं, आई “पाणी” म्हणते, पेला हातात येतो. तोच शब्द त्याच्या कानावर योग्य वेळी, पुन्हा पुन्हा पडतो. तक्ता काढून घेतला की उरतं रडणं, चावणं, आपटणं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ ॲप तर मोफत आहे, मराठीतही चालतं.

मोबाइलबद्दल एक गोष्ट मान्य करतो. तासन्‌तास कार्टून लावून देणं लहान मुलाच्या बोलण्याला मारकच आहे. पण कार्टून बघणं आणि बटण दाबून “भूक लागली” सांगणं, यात काही फरक आहे की नाही?

वेखंड-मधाबद्दल एवढंच: वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो, आणि अमेरिकेत खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला 1968 पासून बंदी आहे.

“सात वर्षं थांबा” हे मात्र वाचून संताप येतो. दीड वर्षाचं होऊनही एक शब्द नाही, दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नाही, तर लगेच तपासायचं. ऐकू येत नसलेल्या मुलाची सात वर्षं वाट पाहण्यात घालवली, तर ती परत कोण देणार?

राहिला खर्च. मुलांची मोफत तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पुढची तपासणी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, मोफत असते. थेरपिस्ट कमी आहेत, खेड्यातून जायचं तर रोजगार बुडतो, हे मी नाकारत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं तर पथक आलं त्या दिवशी गावातच नसतात. त्यांनी परत आल्यावर आशाताईंना गाठून त्या केंद्रासाठी चिठ्ठी घ्यावी. जाताना जन्मावेळचे कागद सोबत ठेवा, आणि सगळ्यात आधी कानाची तपासणी मागा.